हा आपला नाही

भूकंप झाला तेव्हा मी बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. शनिवार होता, जेवणं अजून व्हायची होती. फरशीवर मांडी घालून बसले होते, भोवती खोकी, सुतळी, कात्री. आणि मांडीखालून काहीतरी सरकत गेलं. एखादं थोरलं जनावर झोपेत कूस बदलतं तसं. हातातली बशी वाजली नाही. गुंडाळून ठेवलेल्या वाजल्या, कागदाच्या आत, दबक्या आवाजात, सासूबाई बाहेर असताना जावा बोलतात तशा. मला भीती वाटली नाही. माझा जन्म पाटणचा. कोयनेच्या खोऱ्यातल्या मुलीला भूकंपाची भीती घालणं म्हणजे कोळ्याच्या पोरीला पाण्याची भीती घालणं. लहानपणी रात्री जमीन हलली की आई कूससुद्धा न बदलता म्हणायची, "झोपा, गेला." आम्ही झोपायचो. कधीकधी आईचं ते "गेला" आधी ऐकू यायचं आणि भूकंप नंतर आठवायचा. तर आताही मला एवढंच वाटलं की आला. आणि मग, गेला. आणि सवयीने मी मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं, कारण आमच्या घरातला शिरस्ताच तो. जमीन हलली की मी ह्यांच्याकडे बघायचं, आणि ती कुणाची हलली ते ह्यांनी सांगायचं.

हे व्हरांड्यात आरामखुर्चीत झोपले होते. तोंड किंचित उघडं. चष्मा कपाळावर. उजवा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि बोटांची उलटी बाजू फरशीला टेकलेली होती. आतल्या दाराच्या चौकटीत टांगलेला ओळंबा हलत होता, दोरीला बांधलेला तो पितळी लोळा छोटासा गोल काढत होता, आणि ह्यांची बोटं फरशीवर तशीच पडून होती. मी बशी खाली ठेवली. खूप वेळ तिकडेच बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा नवरा भूकंपात झोपून राहिला असता तर बायकोने तो किस्सा पुढची वीस वर्षं हळदीकुंकवाला सांगितला असता. मला तो किस्सा वाटेना.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये जमीन हलणं ही काही बातमी नव्हती. कारखान्याच्या भिंतीला लागून आमची गल्ली, आणि भिंतीपलीकडे टेस्ट बेड. तिथे भलेमोठे रोटर फिरवून बघत. रोटर पूर्ण वेगाला आला की आमच्या क्वार्टरांच्या फरशीला मुंग्या यायच्या. नव्याने बदलून आलेल्या बायका दचकायच्या, महिन्याभरात त्याही "आज टेस्ट आहे वाटतं" म्हणत कणीक मळायच्या. फळीवरचे डबे हळूहळू पुढे सरकायचे, ते मागे ढकलणं हे केर काढण्याइतकंच रोजचं काम. शेजारच्या रजनीच्या देव्हाऱ्यातला गणपती तर थोडा थोडा वळत पंधरवड्याने भिंतीकडे तोंड करायचा. रजनी ग्वाल्हेरची. ती म्हणायची, "लो, आज फिर रुसला. वहिनी, तुमच्या साहेबांना सांगा, आमच्या देवाला चक्कर येते." आणि हे त्या टेस्ट बेडवरचे. बॅलन्सिंगचे. मशीन फिरतं तेव्हा त्याचं वजन कुठे किंचित जास्त आहे, कुठे कमी, ते बघून सारखं करायचं. यंत्रं होती त्याला, काटे होते, नंतर कॉम्प्युटर आले. तरी सगळं झालं की शेवटी हे पुढे होऊन मशीनच्या अंगाला हात लावायचे. तळहात नाही, बोटांची उलटी बाजू. ताप बघतात तसा. आणि मग मान हलवायचे किंवा नाही हलवायचे. लग्नानंतर बरेच दिवस मला हे सगळं थोडं नाटकी वाटत असे. एकदा म्हटलंही, "काटा सांगतोय ना ठीक आहे म्हणून?" तर म्हणाले, "काट्याला मुलंबाळं नाहीत. मशीनजवळ माणसं उभी असतात. फिरणारी वस्तू एकदा सुटली की ओळखपाळख ठेवत नाही."

ह्यांचं मला बघायला येणंसुद्धा भूकंपातच झालं. पाटणला आमच्या ओसरीवर पाहुणे बसले होते, मी पोह्यांच्या बशा घेऊन आले, आणि नेमका आला. चांगला होता, भिंतीवरची तसबीर तिरपी झाली. मुलाकडचे सगळे, मामा, काका, एक सोवळ्यातल्या आत्याबाईसुद्धा, अंगणात पळाले. आमच्याकडचे कुणी हलले नाही. वडिलांनी तर बशीतून सांडलेलं पोह्यांवरचं खोबरं उचलून परत बशीत टाकलं. आणि मुलगा बसून होता. पाठीमागे भिंतीला बोटं लावून, डोळे अर्धवट मिटून. वडिलांनी तिथल्या तिथे ठरवलं, की मुलगा धीराचा आहे, देऊन टाकू. लग्न होऊन भोपाळला आल्यावर, पहिल्या दिवाळीच्या सुमारास, ह्यांनी कबूल केलं, "मला वाटलं शेजारी कुठेतरी जनरेटर आहे. फार वाईट बॅलन्स झालेला. मी विचार करत होतो, की ह्या लोकांना सांगावं का." मी इतकी हसले की उचकी लागली. वडिलांना मात्र मरेपर्यंत कळू दिलं नाही.

आणि मग ती सव्वीस जानेवारी, ज्या वर्षी गुजरातेत एवढा मोठा झाला. सकाळची वेळ, झेंडावंदन व्हायचं होतं, गल्लीत पोहे-जिलबीचा वास. कपाटं खडखडायला लागली तर गल्लीतलं एक माणूस जागचं उठलं नाही. टेस्ट चाललीये, असं म्हणून सगळे जिलब्या खात राहिले. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात चिटपाखरू नसतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. जन्मभर हलत्या जमिनीवर राहिलेल्यांनाच अशी चूक करता येते. हे अर्धी दाढी झालेले, गालाला फेस, दाराशी आले, भिंतीला बोटं लावली आणि म्हणाले, "हा आपला नाही. बाहेर व्हा सगळे." जोरात नाही म्हणाले. पण गल्ली बाहेर आली. तेव्हापासून ते वाक्य गल्लीचं झालं. कुणाच्या दारात भटकी गाय आली, कुणाच्या घरी चुकून दुसऱ्याचा सिलिंडर आला, की लोक म्हणायचे, "ये आपला नाही." ओळंबा ह्यांनी त्यानंतर टांगला. गवंड्याकडून मागून आणला, आतल्या दाराच्या चौकटीला लावला. मी म्हटलं, "तुम्ही असताना ह्याची काय गरज?" म्हणाले, "मी कारखान्यात असेन तेव्हा." कुणी आलं-गेलं की त्याचं डोकं त्याला लागायचं. चौदा वर्षं लागत होतं.

त्या शनिवारी ह्यांना भूकंपाने उठवलं नाही, रजनीने उठवलं. "वहिनी! अहो वहिनी, तुम्हाला कळलं का? मला वाटलं माझी शुगर लो झाली, मी दोन पेढे खाऊन घेतले!" तिच्या मागून गल्ली जमा झाली. हे दचकून उठले, चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि मला दिसलं की एक क्षण ह्यांना काहीच समजलेलं नाही. लोक आभाळाकडे, तारांकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "सर को तो सबसे पहले पता चला होगा." हे उभे राहिले. सदऱ्याची सुरकुती सरळ केली. आणि म्हणाले, "हो ना. लांबचा होता. मोठा, पण लांबचा." आणि मग, "हा आपला नाही." लोक हसले, मोकळे झाले. रजनी म्हणाली, "बघा, बोलले. आता मी जेवते." आणि मी दारात उभी, हातात वर्तमानपत्राचा कागद. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ह्यांना माहीत नव्हतं की मी कधीपासून जागी होते. म्हणजे मी जागीच असते दुपारची, पण मी कधीपासून बघत होते ते.

साखर ह्यांना बारा वर्षांची. तिच्याबद्दल आम्ही बोलतो ते जेवणातल्या भातापुरतं. बाकीचं मला दिसत होतं, पण दिसलेल्या गोष्टी मी एका ओळीत मांडल्या नव्हत्या, वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवल्या होत्या. पिपलानीच्या बाजारात ह्यांची एक चप्पल पायातून निघाली आणि हे तसेच भाजीवाल्यापर्यंत गेले, भाजीवाल्याने सांगितलं. चहाचा पेला, जो मी पदराने धरते, तो हे नुसत्या हाताने उचलतात आणि मी मनात म्हणते, पुरुषांची कातडी. शर्टाची बटणं लावताना हे आता खाली बघतात. पूर्वी खिडकीबाहेर बघत लावायचे. मार्चअखेर निवृत्त झाले, त्या समारंभात हार घालून घेताना गुलाबाचा काटा लागून बोटातून रक्त आलं, ते मी खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेतून बघितलं. ह्यांनी फोटोत बघितलं. आता शनिवारी ह्या सगळ्या वस्तू आपोआप एका फळीवर आल्या, डबे पुढे सरकतात तशा. क्वार्टर सोडायचं होतं, शाहपुऱ्याचा फ्लॅट रंगवून तयार होता, आणि सोमवारी सकाळी हे मंडीदीपला जाणार होते. खरी गोष्ट ती होती. फळीच्या अगदी कडेला आलेली.

मंडीदीपहून अनंत मागे लागला होता. उज्जैनचा मुलगा, ह्यांच्या हाताखाली शिकला, आता तिकडच्या एका खासगी फॅक्टरीत वर चढलाय. त्यांच्याकडे एक जुना ब्लोअर होता, खोलीएवढा पंखा म्हणा, तो दुरुस्त करून पुन्हा बसवला होता. काटे सगळे बरोबर दाखवत होते. तरी अनंतला धाकधूक होती. संध्याकाळी फोन आला तेव्हा स्पीकरवर होता, ह्यांना आताशा फोन कानाशी धरून ठेवायचा कंटाळा येतो. "सर, तुम्ही फक्त एकदा हात लावून जा. तुम्ही मान हलवली की फुल स्पीडला टाकतो. मालक म्हणतात, उनका हात ही सर्टिफिकेट है." हे म्हणाले, "आसपास किती माणसं असतात?" "शिफ्टला असतील आठ-दहा. का सर?" "काही नाही. विचारलं." मी कणकेचे हात घेऊन ओट्याशी उभी होते. टीव्हीवर नेपाळ दाखवत होते. विटांचे ढीग, त्यांच्यावर चढून बघणारी माणसं, धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवया. तिकडे घरं गेली, आमच्याकडे बशा वाजल्या, आणि भूकंप दोन्हीकडे तोच. ह्यांनी टीव्ही बंद केला. जेवताना म्हणाले, "सोमवारी डब्यात मेथीचे ठेपले दे. तिथलं कॅन्टीन बरं नसतं." मी म्हटलं, "बरं."

आमच्याकडे अशा गोष्टी बोलायची पद्धत नाही. पुण्याची लेक, अनुराधा, फोनवर म्हणते, "आई, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता का कधी?" बोलतो की. मशीनबद्दल बोलतो, पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो. तुमच्या बोटांना कळत नाही, हे वाक्य मी रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, तोंडात फिरवून बघितलं. गरम बटाट्यासारखं, ना गिळता येईना ना टाकता. म्हटलं तर हे म्हणणार, कुणी सांगितलं. मग मी म्हणणार, तुम्ही झोपला होतात. मग हे म्हणणार, थकलो होतो, माणूस झोपत नाही का? आणि ते खरंही असेल. पाटणला अख्खं गाव झोपायचं. माझी आई झोपायची. झोपलेल्या माणसाच्या हातावरून त्याचा न्याय करायचा असं कुठे आहे? असं म्हणून मी कुशीवर वळले, आणि मला कळलं की मी मंडीदीपचे ते आठ-दहा जण मोजतेय, ज्यांची तोंडं मला माहीत नाहीत.

रविवारी सकाळी मी कैऱ्या किसत होते. हे समोर टेबलाशी पेपर वाचत, डावा हात टेबलावर पसरलेला. ओळंबा ह्यांच्या पाठीमागे. बाहेर उन्हं तापायला लागली होती, लांब कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या. काहीही हलत नव्हतं. मी किसणी थांबवली. ठरवून थांबवली असं नाही म्हणणार; हातच थांबला आणि मग मी त्याचा फायदा घेतला. म्हटलं, "अहो, आत्ता..." आणि फरशीकडे बघितलं.

हे थबकले. डाव्या हाताची बोटं उलटी करून टेबलाला टेकवली. डोळे अर्धवट मिटले, ओसरीवर मिटले होते तसे. ओळंबा ह्यांच्या डोक्यामागे सरळ, गवंड्याने आत्ताच सोडल्यासारखा.

"हो," हे म्हणाले. "हलका होता. कालच्याचंच शेपूट."

मी पुन्हा किसायला लागले. कैरीचा आंबट वास नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, ते कैरीचंच होतं. मला वाटलं होतं की खात्री झाली की बरं वाटेल. निदान पुढचं वाक्य सुचेल. तसं झालं नाही. मला उलट ह्यांचा तो जनरेटर आठवत राहिला. तेव्हा भूकंप होता, त्याला हे दुसरंच काही समजले होते, आता नव्हता, त्याला हे हो म्हणाले, आणि दोन्ही वेळा समोर मीच, हातात बशी नाहीतर किसणी. हे पेपर वाचत होते. पान उलटताना दोन पानं एकदम उलटली, ते ह्यांना कळलं नाही, हे मधलं न वाचता पुढचं वाचत राहिले.

दुपारी जेवणं झाली. गल्ली अजून घाबरलेली, रजनीने गणपतीला देव्हाऱ्यातून काढून खाली पाटावर ठेवलं होतं, "पडला तर फार उंचावरून नको पडायला." मी पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होते. हे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते, कारण पंख्याचा वारा तिकडे येतो. म्हणून ओळंबा आता समोर. फोन टेबलावर, अनंतचा आवाज त्यातून येत होता. "गाडी साडेसातला पाठवतो सर, चालेल?" "चालेल," हे म्हणाले, "मी फाटकाशी येऊन थांबतो." आणि आला. मला आधी गुडघ्यांत कळला, मग तळव्यांत. तांब्यातलं पाणी एका बाजूला चढलं. खरा होता, कालच्याहून थोडा आखूड. माझ्या तोंडात "अहो" आलं आणि मी ते तिथेच धरलं. सकाळी खोटं बोलणाऱ्या बाईने दुपारी खरं बोलावं असं मला वाटलं नाही.

"आणि तुमच्यासोबत कुणी येणार का सर?" अनंत विचारत होता. "नाही, मी एकटाच..." हे बोलत होते आणि ह्यांची नजर ओळंब्यावर गेली. लोळा गोल फिरायला लागला होता, आधी रुपयाएवढा, मग पुरीएवढा. ह्यांनी बोलणं थांबवलं. टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघितलं. बोटं उलटी केली, टेकवली. मग दुसराही हात टेकवला. मग वाकून फरशीला हात लावला, लहान मूल पाण्याला लावून बघतं तसा, आणि पुन्हा ओळंब्याकडे बघितलं. बाहेर रजनी ओरडली, "अरे फिर आया! वहिनी, बाहेर या!" दारं आपटली. माणसं पळाली. आम्ही दोघं जागचे हललो नाही, आमच्या ओसरीवर वडील बसले होते तसे.

"सर? हॅलो? सर, इथेही जाणवलं आत्ता. आवाज येतोय का?"

हे माझ्याकडे बघत होते. माझ्या पायांकडे, मग तांब्याकडे, मग तोंडाकडे.

"सकाळी झाला नव्हता," हे म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. कारखान्यात हलवायचे तशीच असावी. मी ती कधी बघितली नव्हती, फक्त ऐकली होती. मग फोनकडे वाकले. "अनंत, ऐक. ते मशीन फुल स्पीडला टाकू नकोस. हैदराबादहून माणूस मागव, तो यंत्रं घेऊन दोन दिवस बसेल. मालक पैशाचं म्हणतील, म्हणू देत."

"पण सर, तुमचा एक हात लागला असता..."

"माझ्या हाताला आता कळत नाही रे," हे म्हणाले. भात कमी वाढ म्हणतात त्या आवाजात. "कालचा भूकंपही मला कळला नाही. मी झोपलो होतो."

तिकडे अनंत "बरं सर" म्हणाला, आणि मग, "जेवण झालं का?" हे म्हणाले, "झालं. कैरीची चटणी होती," आणि फोन बंद केला.

बाहेर गल्लीतले लोक एकमेकांना विचारत होते, अजून चालू आहे का, थांबला का. कुणालाच नक्की कळत नव्हतं, भीतीनंतर पाय आपले आपणच हलत राहतात. ओळंबाही फिरत होता. त्याचं तसंच असतं. जमीन थांबली तरी तो बराच वेळ फिरत राहतो, त्याच्यावरून आल्याचं कळतं, गेल्याचं कळत नाही. हे खुर्चीवर बसून होते, दोन्ही हात मांडीवर, कुणा दुसऱ्याचे सांभाळायला दिल्यासारखे.

"थांबला का गं?" ह्यांनी विचारलं.

तीस वर्षांत हे मला विचारायची वेळ आली नव्हती. मी तांब्या खाली ठेवला. चपला काढल्या आणि दोन्ही तळवे फरशीवर नीट टेकवून उभी राहिले. घाई केली नाही. खालून काही येतंय का ते बघितलं, पाटणची आई बघायची त्याहून जास्त वेळ, पुरती खात्री होईपर्यंत.

"थांबला," मी म्हटलं.

ओळंबा ह्यांच्या समोर अजून हलत होता. ह्यांनी तिकडे बघितलं नाही.